मासा कितव्या पाण्यात?

नजीबा : कोपर आवर गं बाई तुझं! एकीनं श्वास घेतला की दुसरीनं सोडायचा, एवढंसं हे स्वयंपाकघर.

रौधा : उम्मी, मी भिंतीला चिकटूनच उभी आहे. आणखी सरकले तर शेजारणीच्या दिवाणखान्यात उतरेन.

नजीबा : मग उतर. आणि तिला सांग, ईद उद्या आहे, आज एक दिवस नाक मुठीत धर म्हणावं. सकाळपासून दोनदा खिडकी आपटली आहे तिनं.

रौधा : कांदा शिजतोय म्हटल्यावर वास काय मोगऱ्याचा येणार? तीही आपल्या सफाक्सचीच ना? तिच्याकडे ईदला माशासोबतचा कांदा-मनुकांचा शरमूला होत नाही?

नजीबा : तिच्याकडे सुनेकडून तयार येतो. बरणीत. झाकणाला रेशमी फीत बांधून.

रौधा : बरणीतला शरमूला!

नजीबा : हळू बोल. भिंती कागदाच्या आहेत इथल्या. आणि तू हसू नकोस, एवढ्याशा शेगडीवर पुढच्या वर्षी मीही बरणीच आणणार आहे.

रौधा : अजिबात नाही. मी यादी करून आणली आहे. दहा किलो कांदा, दोन किलो काळ्या मनुका, गुलाबकळ्या, कंकोळ, दालचिनी...

नजीबा : सहा किलो.

रौधा : काय सहा किलो?

नजीबा : कांदा. सहाच घेतला.

रौधा : उम्मी! दरवर्षी दहा असतो.

नजीबा : दरवर्षी चूल अंगणात असायची. आणि कढई एवढी, की लहानपणी तू तीत बसून आंघोळ केली आहेस. ती कढई या शेगडीवर चढवली तर चारही बर्नर झाकतील आणि मला बाल्कनीत उभं राहून ढवळावं लागेल.

रौधा : मी एवढंच म्हणतेय, की काही बदलायचं नाही. घर विकलं म्हणून आपण ईद विकलेली नाही.

नजीबा : हे वाक्य ट्यूनिसहून येताना टॅक्सीत पाठ केलंस ना?

रौधा : ...अर्ध्या वाटेपर्यंत, सूसा येईतो.

नजीबा : छान आहे. उद्या तुझा भाऊ नौफल पोरांना घेऊन येईल, त्यांच्यासमोर म्हण. आता ढवळ, बुडाशी लागेल.

रौधा : मीठ बघायला हवं गं.

नजीबा : बघ की. डोळ्यांनी.

रौधा : रोजा सुटायला, मगरिबला, अजून तीन तास आहेत.

नजीबा : त्या घरात ही पंचाईत कधी आली नाही. सात बायका होतो आम्ही. कुणी ना कुणी रोज्यातून सुट्टीवर असायचीच. तिला हाक मारायची, चमचा पुढे करायचा. तोंडानं काही विचारायचं नाही की सांगायचं नाही. तुझी थोरली आत्या तर शेवटच्या आठवड्यात मुद्दाम भाव खायची.

रौधा : आता इथं दोघीच. तू कधीची निवृत्त, आणि मी गेल्या वर्षी झाले.

नजीबा : इतक्यात?

रौधा : अठ्ठेचाळीस झाले मला, उम्मी.

नजीबा : जाऊ दे. जिभेनंच कळतं असं थोडंच आहे. सरक जरा... हं. मीठ कमी आहे.

रौधा : वासावरून? मिठाला वास असतो?

नजीबा : मिठाला नसतो. कमी मिठाला असतो. घाल अर्धी मूठ.

रौधा : बरं. मनुका वाटून झाल्या, गाळून झाल्या. मसाला झाला. ब्रेड उद्या सकाळी नौफल आणेल. आता मासा.

नजीबा : ढवळतेस ना?

रौधा : उम्मी, मासा.

नजीबा : गॅस जरा बारीक कर.

रौधा : मासा न्हाणीघरात कपड्यांच्या दोरीवर टांगलाय. मघाशी हात धुवायला गेले तर कपाळावर आपटला. कोरडा ठणठणीत. वर मिठाचा थर तसाच. तो काल दुपारीच पाण्यात पडायला हवा होता.

नजीबा : मला शिकव तू. पन्नास वर्षं ईद काढलीय मी.

रौधा : मग बाबांनी घातला का नाही?

नजीबा : तुझ्या बाबांनी तो आणलासुद्धा नाही. मी आणला. टॅक्सीत मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळासारखा. टॅक्सीवाल्यानं चारही काचा खाली केल्या आणि वर मलाच विचारतो, 'हाज्जा, थंडी नाही ना वाजत?'

रौधा : पण मासा तर बाबांचा. ते कुणाला बोट लावू देत नाहीत. एकदा नौफलनं नुसतं पाणी बदललं तर दिवसभर बोलले नव्हते त्याच्याशी.

नजीबा : दोन आठवडे मागे लागलेय. म्हटलं, सी तय्यब, मासा आणा. तर म्हणे, 'जसं तुला बरं वाटेल.' म्हटलं, मीच आणलाय, आता भिजवा. तर म्हणे, 'बाजारात भिजवलेला मिळतो.'

रौधा : बाबा म्हणाले असं? बाजारातल्या भिजवलेल्या माशाला ते साबण म्हणतात!

नजीबा : पूर्वी म्हणायचे. इथं आल्यापासून सगळ्यालाच 'जसं तुला बरं वाटेल'. परवा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. बघू या म्हटलं. खाल्ली. वाडगा विसळून जागेवर ठेवला. रौधा, आठ महिने झाले, हा माणूस माझ्याशी एकदाही भांडलेला नाही. मला भीती वाटते गं.

रौधा : तब्येत?

नजीबा : तब्येत घोड्यासारखी आहे. जिना नको, लिफ्ट आहे, दवाखाना समोर. तरी संध्याकाळी बाल्कनीत बसतात ते असे, की जसे कुणाच्या तरी घरी पाहुणे आलेत आणि यजमान कधी झोपायला जाऊ देतो याची वाट बघताहेत.

रौधा : आत्ता कुठे आहेत?

नजीबा : तिथेच. रेडिओ लावून.

रौधा : हे बघ, मी तुला सांगणार नव्हते. नौफल यायला तयार नव्हता.

नजीबा : म्हणजे?

रौधा : फोनवर म्हणाला, 'घर गेलं, आता हे सगळं ओढत कशाला न्यायचं? या वर्षीपासून ज्यानं त्यानं आपापल्या घरी ईद करू, दुसऱ्या दिवशी भेटू.' मी म्हटलं, तू ये तर. सगळं तसंच असेल. बाबांच्या हातचा मासा असेल. नसला तर पुढच्या वर्षी तुझं म्हणणं खरं. मी शब्द दिलाय, उम्मी.

नजीबा : दुसऱ्याच्या माशावर?

रौधा : मला काय माहीत, तो दोरीवर लटकत असेल! उद्या सकाळी आठला येणार तो पोरांना घेऊन. ताटात साबण दिसला की संपलं. पुढच्या वर्षी तू आणि बाबा आणि ती फीतवाली बरणी.

नजीबा : माझ्या अंगावर का ओरडतेस? त्यांच्यापुढे जाऊन ओरड.

रौधा : ओरडत नाहीये. मी तयारीनं आलेय. फक्त तू चिडणार नाहीस म्हण.

नजीबा : मी चिडते का कधी?

रौधा : सकाळी टॅक्सीतून उतरले ती सरळ इकडे नाही आले. आधी तनियूर रस्त्याला गेले. आपल्या घरी.

नजीबा : कुणाच्या?

रौधा : मनालच्या. आता तिच्या. आणि तिच्याकडून टाक्यातलं पाणी मागून आणलं. एक कॅन. बाबा म्हणतात ना, नळाच्या पाण्यात मासा रबर होतो, त्याला आभाळाचंच पाणी लागतं. म्हटलं, पाणी समोर ठेवलं की बाबा...

नजीबा : या रब्बी! विकलेल्या घराच्या दारात जाऊन पाणी मागितलंस? लोक काय म्हणतील? घर विकलं आणि टाकं ठेवून घेतलं?

रौधा : ती वाईट काही म्हणाली नाही. हसली फक्त. इतकी हसली, की दाराला धरून उभी राहिली. मला कळेचना, माझं काय चुकलं.

नजीबा : वेडसर आहे ती जरा. समुद्रापासून लांबची, गफसाकडची पोर. खारवलेला मासा पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारत होती, हा आजारी होता का म्हणून.

रौधा : तुला कधी विचारत होती?

नजीबा : ...ऐकलं मी कुणाकडून तरी. कॅन कुठे ठेवलास?

रौधा : दाराबाहेर. थांब, आत आणते. बाबांना एकदम दिसायला नको, वॉशिंग मशीनच्या मागे सरकवते.

नजीबा : मशीनच्या मागे नको! जागा नाही तिथे.

रौधा : आहे की चांगली... उम्मी? हे काय आहे?

नजीबा : कपडे धुवायचं पाणी.

रौधा : कॅनमध्ये? मशीनला नळ जोडलेला असताना?

नजीबा : नळ जातो कधीकधी.

रौधा : याच्यावर मनालच्या नवऱ्याच्या तेलाच्या दुकानाचा शिक्का आहे. माझ्या कॅनवरही तोच आहे.

नजीबा : मोठं दुकान आहे त्याचं. गावभर शिक्के फिरतात.

रौधा : उम्मी!

नजीबा : बुधवारी गेले होते. झालं समाधान? एकदाच गेले.

रौधा : एकदाच?

नजीबा : या आठवड्यात एकदाच. अगं, चहाला लागतं थोडं. या नळाच्या पाण्याचा चहा प्यायलीस ना तू? जसं काही पाण्याला ताप आलाय आणि त्याला औषध दिलंय.

रौधा : आणि मला विचारतेस, लोक काय म्हणतील!

नजीबा : मी दारात उभं राहून मागत नाही. मी मागच्या फाटकानं जाते.

रौधा : तरीच ती हसत होती. बाबांना माहीत आहे हे?

नजीबा : डोकं फिरलंय का तुझं? त्या घराचं नाव घेत नाहीत ते. ऑगस्टमध्ये मी सहज म्हटलं, अंजीर पिकले असतील आता. तर उठून बाल्कनीत गेले. तेव्हापासून मी अंजीर हा शब्दच सोडला. बाजारात नुसती बोटानं दाखवते.

रौधा : उम्मी, मंगळवारी फोन केला की बाबा कधीच घरी नसतात. कुठे जातात गं?

नजीबा : कॅफेत. पत्ते खेळायला. जाऊ दे की, पाय मोकळे होतात.

रौधा : दाराजवळ त्यांचे बूट आहेत. चुन्यानं पांढरे झालेत.

नजीबा : कॅफेला रंग देताहेत म्हणाले.

रौधा : आठ महिने?

नजीबा : मोठा कॅफे असेल.

रौधा : आणि रमजानमध्ये, भर दुपारी, सफाक्समधला कुठला कॅफे उघडा असतो?

नजीबा : तू ढवळ.

रौधा : जाऊ दे. आधी मासा. त्यांना इथं आणायचं कसं?

नजीबा : ते माझ्यावर सोड. ते घंगाळ घे खालचं. मासा आण. आणि बाल्कनीचं दार जरा लोट... पुरे, एवढं उघडं राहू दे. रौधा! गीझर लाव गं! मासा गरम पाण्यातच टाकू या! पटकन मऊ होईल!

रौधा : गरम पाण्यात, उम्मी?

नजीबा : कडकडीत! आणि त्या भांडी घासायच्या काथ्यानं चोळ चांगला!

तय्यब : जरा हळू. रेडिओ ऐकू येत नाहीये.

नजीबा : तुम्ही कशाला उठलात? आमचं चाललंय आपलं. रौधा, ती मोठी सुरी दे. आधी तुकडे करून घेऊ.

तय्यब : भिजवायच्या आधी?

नजीबा : वेळ कुठे आहे आता? बारीक करते. दोन दोन बोटांचे.

तय्यब : जसं तुला बरं वाटेल.

नजीबा : कातडी सोलूनच टाकते आधी.

तय्यब : कातडी?

नजीबा : मग काय. पोरं खात नाहीत ती.

तय्यब : कातडी काढलीस तर तो पाण्यात विरघळेल. तळाला भाताची पेज मिळेल तुला.

नजीबा : विरघळू दे. चमच्यानं खाऊ.

तय्यब : बाजूला हो.

नजीबा : अहो, तुम्ही रेडिओ ऐका.

तय्यब : नजीबा, सुरी खाली ठेव. तो मासा आहे, कांदा नाही. आणि ते घंगाळ इथं जमिनीवर नको, टेबलावर घे. रौधा, मऊ ब्रश कुठे असतो या घरात?

रौधा : आणते, बाबा.

तय्यब : काल घालायला हवा होता. आता दर दोन तासांनी पाणी बदलावं लागेल. रात्री उठावं लागेल.

नजीबा : उठाल?

तय्यब : तू उठणार आहेस का? तू त्यात व्हिनेगर घालशील. पाणी ओत... हळू. कडेनं ओत, अंगावर नको. थांब.

रौधा : काय झालं?

तय्यब : हे कुठलं पाणी आहे?

नजीबा : विकतचं. बाटलीचं.

तय्यब : कुठल्या बाटलीचं? याला चुन्याचा वास आहे. ताज्या चुन्याचा. हे टाक्याचं पाणी आहे, आणि तेही उत्तरेच्या गच्चीवरनं उतरलेलं. दक्षिणेकडचा चुना अजून कच्चा आहे, तिकडचं जरा तुरट लागतं.

रौधा : बाबा.

तय्यब : काय?

रौधा : या वर्षी त्या गच्चीला चुना कुणी लावला?

तय्यब : मला काय माहीत. त्यांनी लावला असेल.

रौधा : आणि मनालचा मासा कितव्या पाण्यात आहे?

तय्यब : तिसऱ्या. मंगळवारीच सांगितलंय तिला, काल संध्याकाळी दुसरं... ब्रश दे इकडे.

नजीबा : कुणाचा मासा?

रौधा : उम्मी, सकाळी मनाल मला म्हणाली, 'सी तय्यबना सांगा, तिसऱ्या पाण्यातून काढायचा की चौथं घालायचं?' मी सकाळपासून डोक्यात हाच हिशेब घेऊन फिरतेय.

तय्यब : तीनच. जाडीला कमी आहे तो. आणि तू कशाला गेली होतीस तिकडे?

रौधा : पाणी आणायला.

तय्यब : एकाच वेळी दोन कॅन उचललेस?

नजीबा : एक माझा आहे.

तय्यब : तू कधी गेलीस?

नजीबा : बुधवारी. मी बुधवारी जाते.

तय्यब : मागच्या फाटकानं?

नजीबा : तुम्हाला कसं ठाऊक?

तय्यब : फाटकाची कडी दर आठवड्याला उलटी लावलेली असते. पन्नास वर्षं तू ती उलटीच लावतेस. मला वाटलं, त्या पोरीलाही तीच खोड आहे.

नजीबा : वा! म्हणजे मंगळवारी तुम्ही, बुधवारी मी, आणि आज ही. त्या बिचारीनं घर घेतलं की आपल्याला दत्तक घेतलं? आणि मला सांगता काय, तर कॅफे!

तय्यब : तू सांगितलंस मला?

नजीबा : मी तुम्हाला लागेल म्हणून गप्प बसले!

तय्यब : मीही.

रौधा : हसू का मी? रोजा मोडत नाही ना हसल्यानं?

नजीबा : तू ढवळ. मला यांच्याशी बोलायचंय. सी तय्यब, तुम्ही तिच्या गच्चीला चुना लावलात?

तय्यब : लावला नाही. लावून घेतला. तिच्या नवऱ्याला शिडीवर चढवला आणि खाली उभा राहिलो. त्यांना कुठून ठाऊक असणार, पावसाळ्याआधी गच्ची पांढरी करतात ते? पहिलं पाणी टाक्यात घ्यायचं नाही, बाहेर सोडून द्यायचं, हेही ठाऊक नव्हतं. सगळी धूळ पोटात गेली असती. ते पाणी चार चार महिने राहतं.

नजीबा : आणि मासा?

तय्यब : तिला करायचा होता. म्हणाली, 'सफाक्समध्ये घर घेतलंय तर सफाक्सची ईद करू या.'

नजीबा : तिचा मासा काल पाण्यात पडला. तिसरं पाणी चाललंय त्याचं. आणि माझा? माझा दोरीवर, टॉवेलच्या शेजारी! परक्या बाईच्या घरी जाऊन मासा भिजवायचा आणि घरी आलं की 'बाजारात मिळतो'!

तय्यब : तिनं विचारलं मला.

नजीबा : काय विचारलं एवढं?

तय्यब : 'सी तय्यब, हा कसा करायचा? पाणी किती वेळ ठेवायचं? आधी कातडीची बाजू वर की खाली?' वहीत लिहून घेतलं तिनं.

नजीबा : मीही सांगत होतेच की, दोन आठवडे!

तय्यब : हो. तू सांगत होतीस.

नजीबा : मग?

तय्यब : विचारत नव्हतीस.

नजीबा : पन्नास वर्षं मासा तुम्हीच करता! त्यात विचारायचं काय?

तय्यब : तेच.

रौधा : तेच म्हणजे काय, बाबा?

तय्यब : काही नाही. तो दुसरा कॅन सरकव. हे पाणी बघ कसं गढूळ झालं लगेच. मीठ चांगलं सुटतंय.

नजीबा : नाही. मासा गेला खड्ड्यात. बोला आता. आठ महिने भांडला नाहीत, आज भांडा. पोरगी आहे साक्षीला.

तय्यब : रोज्यात भांडू नये.

नजीबा : मग भांडू नका. नुसतं सांगा.

तय्यब : सांगण्यासारखं काही नाही गं. पडदे निळे की पांढरे, विचारलंत. टीव्ही कुठल्या भिंतीला, तेही विचारलंत. रौधानं फोन करून विचारलं, 'बाबा, तिसरा मजला आवडेल की पाचवा?' नौफलनं विचारलं, सामान शनिवारी हलवू की रविवारी. सगळ्यांनी अगदी पदोपदी विचारलं.

रौधा : मग?

तय्यब : घर विकायचं का, हे कुणी विचारलं नाही.

रौधा : असं कसं म्हणता, बाबा? आपण सगळे बसलो होतो तेव्हा. तुम्ही होतात की समोर.

तय्यब : होतो. तुम्ही बोलत होतात. मी कलिंगड कापत होतो. सगळ्यांच्या फोडी करून होईस्तोवर घर विकलं गेलेलं होतं.

रौधा : पण कागदावर सही तुम्हीच...

तय्यब : तू बोट ठेवलं होतंस. 'इथे, बाबा.' तिथे केली. तुझं बोट बघत होतो मी. शाळेत पोरांना दाखवतेस ना, तसं ठेवलं होतंस.

रौधा : तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हाला पटलंय.

तय्यब : मला वाटलं, विचारतील. रात्री जेवताना विचारतील म्हटलं. मग सकाळी दलाल आला, आणि तोही थेट नजीबाशीच बोलायला लागला. मी त्याला खुर्ची दिली.

(कढईत शरमूला खदखदत राहतो. कुणी ढवळत नाही.)

नजीबा : रौधा, गॅस बंद कर.

रौधा : अजून तेल सुटायचंय, उम्मी.

नजीबा : सुटेल मग. बंद कर. सी तय्यब.

तय्यब : थांब. हा उलटून घेतो.

नजीबा : उलटा. हात चालू राहू देत. ऐकू येतंय ना?

तय्यब : येतंय.

नजीबा : माझे गुडघे गेलेत हो. झोपायची खोली वर, न्हाणीघर खाली. रात्री दोनदा उतरते. तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून बसते जरा, मग उरलेला जिना उतरते. कधी कधी अर्धा तास बसते.

तय्यब : हे मला ठाऊक नव्हतं.

नजीबा : तुम्ही झोपलेले असता. आणि मीही सांगत नाही. पोरं लांब आहेत. मला एकटीला नाही ठरवता येत. तुम्हाला काय वाटतं? आपण हे घर विकायचं का?

रौधा : उम्मी...

नजीबा : तू गप्प बस. तुला नाही विचारलं.

तय्यब : अर्धा तास बसायचीस?

नजीबा : थंडीत जास्त.

तय्यब : अंधारात?

नजीबा : दिवा लावला तर तुम्ही जागे झाला असतात. सांगा ना. विकायचं?

तय्यब : विकू या, नजीबा. विकू या.